दाराशी न विचारलेला प्रश्न

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा मी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान गावात, मुलीच्या घरी काढला. निवृत्त माणसाने परदेशी मुलीकडे जावे, नातवंडांना सांभाळावे, खिडकीतून बर्फ पाहावा आणि परत आल्यावर प्रवासवर्णन लिहावे, हा आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत आता जवळजवळ रूढ झालेला क्रम आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा मानस नाही. तिथल्या एका शेजाऱ्यांशी तीन महिने चाललेल्या वादाने माझ्या मनात एक प्रश्न उभा केला आणि तो अद्याप पुरता सुटलेला नाही. तेवढाच वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ ग्रंथालयापासून झाला. पोहोचल्यावर चौथ्याच दिवशी नात मला तिच्या ग्रंथालयात घेऊन गेली. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी पत्त्याचा काही पुरावा आहे का, असे विचारले. प्रवासाच्या विम्यासंबंधी मुलीच्या पत्त्यावर, पण माझ्या नावाने आलेले एक पत्र खिशात होते, ते दाखवले. दहा मिनिटांत कार्ड हाती आले. किती दिवस राहणार, या देशाचे नागरिक आहात का, कर भरता का, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. अनामत रक्कम नाही, वर्गणी नाही, दोन सभासदांची शिफारस नाही. आयुष्यभर वाचनालयांच्या अनामतीच्या पावत्या जपून ठेवलेल्या माणसाला हे थोडे अवघडच वाटले. आपण कोणाचे तरी काही फुकट घेत आहोत, असा संकोच मनात राहिला. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य दारावर ‘सर्वांस मोफत’ या अर्थाचे शब्द दगडात कोरलेले आहेत. ते पुढे पाहिले तेव्हा त्या संकोचाची आठवण झाली.

मुलीच्या शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. वय एक्याऐंशी. तरुणपणी लष्करात, नंतर एका छापखान्यात नोकरी, आणि त्या नोकरीच्या जोडीने वीसेक वर्षे गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावायचे. स्वभावाने अत्यंत सज्जन, परंतु ‘समाजवाद’ हा शब्द उच्चारला की त्यांचा चेहरा आंबट होई. समाजवादाने देश बुडत चालला आहे, हे त्यांचे ठाम मत. मी सेवानिवृत्त झालो असलो तरी माझी वादाची हौस निवृत्त झालेली नाही. एके सकाळी त्यांच्याकडे कॉफी घेताना मी म्हणालो, “आज सकाळपासूनचा तुमचा दिवसच पाहू. पहाटे तुमच्या दारापुढच्या रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेच्या गाडीने हटवला. आठ वाजता पिवळी बस माझ्या नातीला शाळेत घेऊन गेली. त्या शाळेचा खर्च तुमच्या घरपट्टीतून चालतो आणि तुमच्या घरात शाळेत जाणारे कोणीही नाही. नळाचे पाणी गावाचे. दुपारी सरकारी टपालवाला येईल. दर महिन्याला सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन येते, डॉक्टरांचे बिल मेडिकेअर भरते, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया तर माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात झाली. समाजवाद याहून निराळा काय असतो?”

त्यांनी शांतपणे कॉफीत साखर ढवळली आणि म्हणाले, “तो समाजवाद नव्हे. ते माझे आहे. मी त्याचे पैसे भरलेले आहेत.”

त्या वेळी मी मनात हसलो. असे हसण्याची तिकडे जुनी परंपराच आहे. १९५२ च्या निवडणुकीत अध्यक्ष ट्रूमन यांनी सिरॅक्यूज येथील भाषणात म्हटले होते की, गेल्या वीस वर्षांत लोकांच्या हिताची जी जी पावले उचलली गेली, त्या प्रत्येकाला विरोधकांनी समाजवाद हेच बागुलबुवाचे नाव दिले. १९६१ मध्ये वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध एक ध्वनिमुद्रिका काढली. तीवरचा आवाज होता रोनाल्ड रेगन या नटाचा, जो पुढे देशाचा अध्यक्ष झाला. ही योजना म्हणजे समाजवादाच्या दिशेने पडलेले पाऊल आहे, असा इशारा तीत होता. योजना १९६५ मध्ये झालीच. आणि पुढे २००९ मध्ये, आरोग्यसेवेच्या सुधारणांवर देशभर सभा चालू असताना, साउथ कॅरोलायनातील एका सभेत एका गृहस्थाने आपल्या लोकप्रतिनिधीला बजावले, की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये! जी योजना सरकारचीच, तिच्यापासून सरकारला दूर ठेवण्याची ही मागणी. सुझान मेटलर या राज्यशास्त्राच्या अभ्यासिकेने २००८ च्या एका पाहणीचे आकडे दिले आहेत. ‘तुम्ही सरकारच्या एखाद्या सामाजिक योजनेचा कधी लाभ घेतला आहे काय?’ या प्रश्नाला सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी आणि मेडिकेअर घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले.

याला अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण अज्ञान म्हणावे तर ते हेतुपुरस्सर घडवलेले होते, असे दिसते. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा करताना अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिचा पैसा सरकारी तिजोरीतून न घेता पगारातून कापून घेण्याचा आग्रह धरला. पुढे त्यांनी त्याचे कारणही सांगितले होते : माणसाने स्वतः वर्गणी भरलेली असली की त्याला आपला हक्क वाटतो, आणि मग कोणाही राजकारण्याला ती योजना मोडता येत नाही. शेजाऱ्यांचे ‘मी पैसे भरले आहेत’ हे वाक्य अशा रीतीने खुद्द रूझवेल्टनीच त्यांच्या तोंडी घातलेले होते. हिशेब मात्र तसा नाही. या योजनेचा पहिला मासिक धनादेश व्हर्माँट राज्यातील आयडा मे फुलर या बाईंना १९४० च्या जानेवारीत मिळाला, साडेबावीस डॉलरांचा. त्यांनी तीन वर्षांत भरलेली एकूण रक्कम होती २४ डॉलर ७५ सेंट. दोन धनादेशांतच ती फिटली. बाई शंभर वर्षांच्या होऊन १९७५ मध्ये वारल्या, तोवर त्यांना एकंदर २२,८८८ डॉलर मिळाले होते. हा वरचा पैसा त्या वेळी काम करणाऱ्या तरुण पिढीच्या पगारातला होता. त्यात त्यांची काही लबाडी नव्हती. योजनेची रचनाच एका पिढीने दुसरीला सांभाळण्याची आहे. फक्त त्या सांभाळण्याला ‘माझे पैसे’ हे नाव दिले की म्हाताऱ्या माणसाची मान ताठ राहते. ते नाव त्याच्यापासून काढून घ्यावे काय? सत्याच्या नावाखाली एखाद्याचा स्वाभिमान उतरवणे, ही मला आता पूर्वीइतकी निर्मळ गोष्ट वाटत नाही.

आणि माझी यादी तरी कितपत खरी होती? त्या रात्री मी तीच तपासू लागलो. समाजवादाचा काटेकोर अर्थ म्हणजे उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी. त्या अर्थाने अमेरिकेत समाजवादी झाले नाहीत असे नाही. १९१२ च्या निवडणुकीत यूजीन डेब्ज यांना सुमारे नऊ लाख, म्हणजे सहा टक्के मते मिळाली होती. मिलवॉकी शहराने १९१० ते १९६० या काळात तीन समाजवादी महापौर निवडले आणि त्या तिघांनी मिळून अडतीस वर्षे कारभार केला. स्वच्छ हिशेब, उद्याने, पाणीपुरवठा, सांडपाण्याची व्यवस्था हे त्यांचे काम. क्रांतीच्या गप्पा सोडून हे लोक गटारांचेच कौतुक सांगत बसतात, म्हणून न्यूयॉर्कचे समाजवादी पुढारी मॉरिस हिलक्विट यांनी १९३२ मध्ये त्यांना ‘गटारी समाजवादी’ म्हणून हिणवले. मिलवॉकीकरांनी ते नाव आनंदाने मिरवले. नॉर्थ डकोटा राज्याने १९१९ मध्ये धान्यव्यापारी व सावकार यांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांसाठी स्वतःची बँक काढली. आज ते राज्य पक्के रिपब्लिकन आहे, आणि बँक चालूच आहे. नेब्रास्का राज्यात घरोघरची वीज सार्वजनिक किंवा सहकारी मालकीच्या संस्थांकडूनच येते. ही उदाहरणे खरी. परंतु मेडिकेअर हे तसे उदाहरण नव्हे. तिथे डॉक्टर खाजगी, रुग्णालय बहुधा खाजगी, सरकार केवळ बिल भरते. टपालखाते आपला रोजचा खर्च करातून नव्हे, तिकिटांच्या विक्रीतून भागवते. माझ्या यादीत काटेकोर अर्थाने समाजवादी म्हणावी अशी एक वस्तू होती ती सैनिकांच्या रुग्णालयाची : इमारत सरकारची, डॉक्टर सरकारी नोकर. आणि त्या एका गोष्टीला समाजवाद म्हणण्याचे धैर्य तिकडे कोणालाही होत नाही!

तेव्हा, सरकारने चालवले ते सगळे समाजवाद, हे म्हणणे चतुर असले तरी अर्धेच खरे आहे. राजांनीही रस्ते बांधले, विहिरी खोदल्या. दुसऱ्या बाजूने पाहिले तर फिलाडेल्फियात १७३१ मध्ये वर्गणीचे ग्रंथालय आणि १७३६ मध्ये आग विझवणारी मंडळी उभी करणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनी ती कोणत्याही सरकारकडे न जाता, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून उभी केली होती. आजही त्या देशातील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. शेजाऱ्यांचे म्हणणे हेच होते. “वीस वर्षे मी लोकांच्या आगी विझवल्या,” ते म्हणाले, “तो समाजवाद नव्हता. तो शेजारधर्म होता.” ‘शेजारधर्म’ हा शब्द अर्थात माझा, इंग्रजीत त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत याहून जवळचा शब्द मला सापडत नाही.

या उत्तरावर मी गप्प झालो असतो. पण त्याच सुमारास ग्रंथालयातल्या एका पुस्तकात टेनेसी राज्यातली २०१० ची एक हकिकत वाचनात आली. ओबायन नावाचा ग्रामीण जिल्हा. जिल्ह्याचे स्वतःचे अग्निशमन दल नाही. जवळच्या साउथ फुल्टन या छोट्या शहराचे दल आहे, परंतु शहराचा कर शहरवासी भरतात. म्हणून शहराने ठरवले, की बाहेरच्या ज्या घराने वर्षाला ७५ डॉलर भरले असतील त्याच्याकडेच बंब जाईल. सप्टेंबरात एका कुटुंबाच्या घराला आग लागली. त्यांनी त्या वर्षीचे ७५ डॉलर भरलेले नव्हते. घरमालकाने फोनवर वाटेल ती रक्कम देण्याची तयारी दाखवली. नियमात ते बसत नव्हते. काही वेळाने आग शेजारच्या शेताकडे सरकली. त्या शेजाऱ्याची वर्गणी भरलेली होती, म्हणून बंब आला. जवानांनी शेजाऱ्याची हद्द भिजवून सुरक्षित केली आणि जळते घर पाहत उभे राहिले. घर जळून गेले. आतले पाळीव प्राणीही गेले. माणसे वाचली. शहराचे म्हणणे असे, की आग लागल्यावर पैसे घेऊन विझवायची म्हटले तर आग लागण्यापूर्वी कोण भरील? आणि कोणीच भरले नाही तर बंब कुठून येईल?

ही हकिकत वाचणारा प्रत्येक जण त्या जवानांवर संतापतो. मीही संतापलो, पण फार वेळ संतापलेला राहू शकलो नाही, कारण मला माझी स्वतःची एक सही आठवली.

नोकरीची पुष्कळ वर्षे मी वीजपुरवठ्याच्या खात्यात काढली. थकबाकीदारांची जोडणी तोडण्याच्या आदेशांवर सही करणे हा त्या कामाचा नेहमीचा भाग. एका आडगावात एकच पिठाची गिरणी होती आणि गिरणीवाल्याची बाकी वर्षभर थकलेली. नियमाप्रमाणे दोन सूचना दिल्या, तिसऱ्या महिन्यात वीज तोडली. नंतर त्या भागात गेलो असता बायका डोक्यावर दळणाचे डबे घेऊन पलीकडच्या गावी जाताना दिसल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरची बिले वेळच्या वेळी भरलेली होती. गिरणीवाल्याची शिक्षा त्या भोगत होत्या. चाळीस दिवसांनी त्याने पैसे भरले, गिरणी सुरू झाली. माझी सही चुकीची होती असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. ती केली नसती तर पुढच्या वर्षी दहा गिरण्यांची बाकी राहिली असती. तरीही त्या डबेवाल्या बायकांचे दृश्य मनातून गेलेले नाही. टेनेसीतील ते जवान आणि मी यांत फरक दाखवायचा तर विजेवाचून माणूस चाळीस दिवस काढू शकतो, आगीत चाळीस मिनिटेही नाही, एवढाच दाखवता येईल. हा फरक मोठा आहे, हे मान्य. पण तो प्रमाणाचा आहे.

शेजाऱ्यांना मी ती हकिकत सांगितली. ती त्यांना ठाऊक होती. तिकडच्या अग्निशामकांत तिची फार चर्चा झाली होती म्हणे. मी विचारले, “तुम्ही तिथे असता तर?” ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “पाणी आधी मारले असते, भांडलो नंतर असतो.” मग बराच वेळ थांबून, थोड्या नाराजीने, त्यांनी पुस्ती जोडली, “पण बंब कोण विकत घेणार होते, ते मला विचारू नका.”

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म या दोन वाक्यांच्या मधल्या थांबण्यात आहे. पहिले वाक्य शेजारधर्माचे आहे आणि ते निखळ आहे. पण शेजारधर्माला बंब परवडत नाही. फ्रँकलिनच्या काळी कातडी बादल्यांनी आग विझत असे, तेव्हा प्रत्येकाने आपापली बादली आणली की भागे. वाफेचे बंब आले, घोडे आले, पगारी माणसे आली. सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये पूर्ण पगारी दल उभारले, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये. खर्च वाढला की तो कोणी द्यायचा हा प्रश्न येतोच, आणि त्याला दोनच जागी उत्तर देता येते : पैसे गोळा करताना, किंवा मदत देताना. गोळा करताना सक्ती केली, म्हणजे कर बसवला, तर तो कोणाला जाचक वाटणार. मनाविरुद्ध घेतलेला पैसा तो. सक्ती टाळली, वर्गणी ऐच्छिक ठेवली, तर कठोरपणा नाहीसा होत नाही. तो फक्त पुढे सरकतो आणि जळत्या घराच्या दारात येऊन उभा राहतो. तिथे जवानाला यादी पाहावी लागते. टेनेसीतील जवान दुष्ट नव्हते. गावाने जो कठोरपणा कर बसवताना दाखवायचा, तो दाखवायचे टाळले आणि त्या चार-दोन माणसांच्या गळ्यात बांधला. साउथ फुल्टनने पुढे २०१२ मध्ये आपला नियम बदलला. वर्गणी नसली तरी जायचे आणि खर्च मागाहून वसूल करायचा, असे ठरले. म्हणजे सक्ती आलीच, फक्त आग विझल्यानंतर.

सार्वजनिक सेवेचे नैतिक मोल मी या एका गोष्टीत मानतो. ती फुकट नसते. तिच्या दाराशी प्रश्न विचारला जात नाही इतकेच. तो प्रश्न आधीच, दुसऱ्या ठिकाणी, सर्वांना सारखा विचारून झालेला असतो. ग्रंथालयातल्या बाई मला काही न विचारता कार्ड देऊ शकल्या, याचे कारण माझ्या शेजाऱ्यांसारख्या शेकडो माणसांनी, कुरकुरत का होईना, घरपट्टी भरलेली होती. त्या बाईंचा सौजन्यशील चेहरा आणि कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. सक्तीविषयी अमेरिकन मनाला असलेली घृणा मला समजते. त्या देशाचा जन्मच कर नाकारण्यातून झाला. याला समाजवाद म्हणावे की नाही, यावर मी आता हट्ट धरणार नाही. परंतु शेजारधर्म म्हणून भागणार नाही, एवढे खरे.

आपल्या वाचकांना या ग्रंथालयाची आठवण निराळ्या कारणाने व्हायला हवी. ती वस्तू आपल्या घरात फार पूर्वीच आलेली आहे. महाराज सयाजीराव १९०६ मध्ये अमेरिकेत गेले होते, तेव्हा तिथली मोफत ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले. आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. तीन वर्षांत बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालये यांची घडी बसवून दिली. गावच्या वाचनालयाचा एक तृतीयांश खर्च गावकऱ्यांनी जमवायचा, एक तृतीयांश स्थानिक पंचायतीने व एक तृतीयांश सरकारने द्यायचा, असा नियम होता. अमेरिकेत पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी सोळाशेंहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारतींना देणग्या दिल्या, तेव्हा त्यांचीही अट अशीच होती : इमारत माझी, पण दरवर्षी देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम गावाने करातून देण्याचे मान्य केले पाहिजे. एक भांडवलदार आणि एक राजा, दोघांपैकी एकालाही कोणी समाजवादी म्हणणार नाही. पण लोकांनी नियमाने खिशात हात घातला नाही तर दार उघडे राहत नाही, हे दोघांनाही कळले होते. मांडवीच्या त्या इमारतीतल्या लोखंडी मांडण्यांमधून विद्यार्थिदशेत मी अनेक दुपारी काढल्या आहेत. त्या व्यवस्थेमागे एक अमेरिकन माणूस आहे, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळले.

इथे थांबलो तर लेख गोड होईल. पण ‘सर्वांस’ या शब्दाचा हिशेब राहिला. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराचे मुख्य ग्रंथालय करांतून चालत असे आणि तो कर कृष्णवर्णीयही भरत. तरीही १९६१ च्या मार्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या ग्रंथालयात जाऊन मुकाट्याने वाचत बसले, म्हणून त्यांना अटक झाली. त्याच शहरात पाच सार्वजनिक जलतरण तलाव होते. ते सर्वांना खुले करणे कायद्याने भाग पडणार असे दिसताच शहराने चार तलाव बंद केले आणि पाचव्याचा भाडेपट्टा सोडून दिला. गोऱ्यांची मुलेही उन्हाळ्यात कोरडी राहिली. पण काळ्या मुलांबरोबर पोहण्यापेक्षा ते बरे, असे शहराला वाटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला : तलाव सर्वांनाच बंद आहेत, तेव्हा भेदभाव कुठे झाला? रूझवेल्टच्या १९३५ च्या कायद्यातूनही शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळलेल्या होत्या, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य लोक नेमके तीच कामे करीत. शाळांचा खर्च घरपट्टीतून चालतो, तेव्हा श्रीमंत गावची शाळा श्रीमंत राहते. आपण ज्याला ‘आपल्यातला’ मानतो त्याच्यासाठी कर भरणे कोणालाही जड जात नाही. मेडिकेअर ‘माझी’ आणि दुसऱ्याला मिळते ती समाजवादाची खैरात, हा शेजाऱ्यांचा भेद मला इथे येऊन नीट समजला. त्यात पैशाच्या हिशेबापेक्षा माणसांचा हिशेब अधिक आहे.

हे परक्यांविषयी लिहिणे सोपे. १९१३ मध्ये बोर्डन बडोद्याहून परतले आणि त्याच वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते या शहरात परत आले, तेव्हा सरकारी शिष्यवृत्तीने त्यांना शिकवले होते, सरकारी नोकरी मिळाली होती. राहायला मात्र शहरात कोणी जागा दिली नाही. पारशी वसतिगृहात त्यांना नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना हुसकले. कमाटी बागेतल्या झाडाखाली ते बसले, ती जागा आज स्मारक म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. त्या वेळी शहरात सुखवस्तू मराठी घरांची काही कमतरता नव्हती. माझ्या पणजोबांचा वाडा तिथून चालत वीस मिनिटांवर होता. त्यांच्या दाराशी कोणी येऊन विचारले होते की नाही, याची घरात काही नोंद नाही. विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, हे सांगायला नोंदीची गरज नाही.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात मोठा बर्फ पडला. सकाळी रस्ता साफ झाला, पण बर्फाच्या गाडीने बाजूला सारलेला ढीग हायड्रंटवर, म्हणजे बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळखांबावर, चढून बसला होता. खिडकीतून पाहिले तर शेजारी एक्याऐंशीव्या वर्षी फावडे घेऊन तो ढीग उपसत होते. मी कोट चढवून बाहेर गेलो, दुसरे फावडे घेतले. मला त्या कामाची सवय नाही. दहा फावड्यांतच धाप लागली. हे काम गावाचे नव्हे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, गावाकडे माणसे कमी आहेत, नळ दोनशेंच्या वर, आणि आग वाट पाहत नाही. हा नळ आमच्या दोघांच्या घरांपासून तसा दूर होता. समोरच्या घरात नुकतेच एक नवे कुटुंब राहायला आले होते, कुठल्या देशाचे ते आम्हाला अजून कळले नव्हते. नळ त्यांच्या कुंपणालगत होता. शेजाऱ्यांनी चारही बाजूंनी तीन-तीन फूट बर्फ काढला, फावड्याने अंतर मोजून पाहिले, आणि समाधान न झाल्यामुळे रस्त्याच्या बाजूने आणखी थोडा काढला.